गोठ्याच्या देखाव्यात हिरवळ कोणती पेरावी?

आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी मुले नाताळच्या गोठ्याच्या तयारीला लागतात. बांबू मिळतो, गवताचे छप्पर होते, मातीची मेंढरे पेटीतून बाहेर निघतात. अडते ते जमिनीपाशी. मेंढपाळ चार बोटांचा. त्याच्या पायाखाली हिरवळ कोणती घालावी हे पुष्कळदा शेवटच्या दोन दिवसांत आठवते. मग पोरे विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ खरवडायला धावतात. हे आम्हाला मुळीच पसंत नाही. कठडा निसरडा, विहीर खोल, आणि काढलेले शेवाळ घरात दोन दिवसांत करपते.

त्यापेक्षा पेरावे. गहू तर सर्वांच्याच परिचयाचा. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, तीन बश्यांत गहू पेरतात आणि पुढे त्या बश्या गोठ्यापाशी मांडतात. परंतु एवढ्या लवकर पेरलेला गहू आपल्याकडे नाताळपर्यंत वीतभर होऊन मेंढरे दिसेनाशी होतात. बेळगाव-खानापूरच्या थंडीत तो १४ डिसेंबरच्या सुमारास पेरावा. गोव्यात ऊब जास्त, तेथे दोन दिवस उशिरा. तरीही वाढलाच तर कात्रीने छाटावा, पुन्हा फुटतो.

आमचा कौल मात्र नाचणीला. तिची पाती बारीक, त्यामुळे लहान देखाव्यात ती खऱ्या कुरणासारखी शोभते. दाणे रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवावेत. पसरट टोपलीत किंवा जुन्या परातीत दोन बोटे चाळलेली माती व कुजलेले शेणखत घालून वर दाट पेरावे, आणि मोड जमिनीत धरेपर्यंत ओले गोणपाट झाकावे. नाचणी गव्हापेक्षा सावकाश वाढते, म्हणून १० तारखेच्या आत पेरलेली बरी. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. गव्हाच्या मोडाला पांढरी लव दिसली की बायका बुरशी समजून टाकून देतात. पाणी शिंपडून पाहावे. लव नाहीशी झाली तर ती मुळांचीच. वास मारू लागला, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दाण्यांवर पसरले, तर ती बुरशी. गोणपाटाखाली कोंब पिवळे पडतात त्याचीही चिंता नको, उजेडात आणल्यावर ते हिरवे होतात.

डोंगराच्या उतारावर माती ठरत नाही, तेथे अळीव. तो भिजला की चिकट होतो, म्हणून आधी भिजवू नये; ओल्या गोणपाटावर कोरडाच भुरभुरावा. तो तेथेच चिकटून दोन-तीन दिवसांत उगवतो. मोहरी झुडपांसाठी चांगली. अळीव-मोहरी छाटल्यास पुन्हा फुटत नाहीत एवढे ध्यानात असावे.

आता मुख्य गोष्ट. बियाणे कोणते घ्यावे? खाण्याचे, डब्यातले. पेरणीच्या पिशवीत उरलेले गुलाबी वा लाल रंगाचे दाणे कधीही घेऊ नयेत. त्यांना बुरशीनाशक चोळलेले असते, आणि तो रंग सावध करण्यासाठीच असतो. आम्ही एकदा हीच चूक केली. उरलेला गहू वाया कशाला घालवायचा, म्हणून धुऊन पेरला. तीन राजांचा सण झाल्यावर परात परड्यात उपडी केली. न उगवलेले दाणे कोंबड्यांनी टिपले आणि पुढे काही दिवस कवच नसल्यासारखी मऊ अंडी मिळाली. थायरम नावाचे औषध बियाण्याला लावतात, त्याने कोंबड्यांची अंडी अशीच होतात, वाढत्या पिलांचे पाय वाकडे होतात. धुतल्याने ते सगळे जात नाही. शिवाय पेरणारे हात मुलांचे, आणि तेच हात नेवऱ्यांच्या ताटात!

बर्फ म्हणून गाजरगवताची पांढरी फुलेही काही मुले आणतात. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. घाणेरीच्या फांद्याही नकोत. नंतर त्या गुरांपुढे पडतात, आणि तो पाला गुरांना विषारी आहे.

चांगल्या बियाण्याची हिरवळ सण झाल्यावर उपयोगी पडते. गव्हाचा चारा शेळीला द्यावा. नाचणीची परात परसात पालथी घातली तरी चालते. अळिवाची कोवळी पाने धुऊन, लिंबू पिळून कोशिंबिरीत घातल्यास मुलेही खातात. आमच्या घरी तर गोठा उतरण्याआधीच अर्धा डोंगर बोडका झालेला असतो.