ग्रीनलँडने क्रूस नाकारला, रंग राखले

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड: उत्तर युरोपातल्या या साऱ्या देशांच्या ध्वजांवर क्रूस आहे. डेन्मार्कच्या राज्यात मोडणाऱ्या फेरो बेटांनीही तोच घेतला. त्याच राज्यातल्या ग्रीनलँडने घेतला नाही. रंग मात्र थेट डेन्मार्कचे, तांबडा आणि पांढरा. मला हा ध्वज फार मोलाचा वाटतो तो यासाठी. जुन्या सत्तेशी असलेलं नातं त्यात लपवलेलं नाही आणि तिचं चिन्हही मिरवलेलं नाही.

ध्वजाचा वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा तांबडा. त्यावरच्या वर्तुळात रंग नेमके उलटे होतात: वर तांबडा, खाली पांढरा. ध्वजाची लांबी १८ भाग धरली तर उंची १२ आणि वर्तुळाचा व्यास ८. वर्तुळाचा मध्य काठीपासून ९ नव्हे, ७ भागांवर आहे, म्हणजे वर्तुळ काठीकडे सरकलेलं. बांगलादेशच्या ध्वजावरही ते असंच सरकलेलं दिसतं. वाऱ्यावर कापडाचं मोकळं टोक दुमडत राहतं, पण काठीजवळचा भाग ताणलेला असतो. तिथली आकृती फडकतानाही शाबूत दिसते.

हा ध्वज टुए क्रिस्तियानसेन यांनी रेखाटला. ते शिक्षक, चित्रकार आणि राजकारणीही. त्यांनी सांगितलेला अर्थ असा: पांढरा पट्टा म्हणजे बेटाचा सुमारे ८० टक्के भाग व्यापणारा बर्फाचा थर, तांबडा पट्टा म्हणजे महासागर. वर्तुळातला तांबडा भाग म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या खाड्या, फियोर्ड. पांढरा म्हणजे हिमनग आणि समुद्रावर तरंगणारा बर्फ. पाहणाऱ्याला मात्र आधी दिसतो तो क्षितिजावर अर्धा बुडालेला सूर्य, आणि ते स्वाभाविकच आहे. इलुलिसाट गावात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. जानेवारीच्या मध्यास तो परततो तेव्हा अख्खं गाव टेकडीवर जाऊन त्याचं स्वागत करतं. अशा मुलखात कुणी समुद्र तांबडा रंगवला, तर त्याचं नवल कसलं?

१९७९ मध्ये ग्रीनलँडला स्वराज्याचे मर्यादित अधिकार मिळाले आणि ध्वजासाठी लोकांकडून नमुने मागवले गेले. पाचशेहून अधिक आले, तरी एकमत होईना. शेवटी सामना उरला तो क्रिस्तियानसेन यांच्या वर्तुळाचा आणि हिरव्या-पांढऱ्या क्रूसाचा. म्हणजे रंग डेन्मार्कचे ठेवायचे की आकृती, असाच तो प्रश्न होता. प्रतिनिधींनी १४ विरुद्ध ११ मतांनी वर्तुळ निवडलं. तीन मतांचा फरक! क्रूस जिंकला असता तर शेजाऱ्यांच्या रांगेत आणखी एक ध्वज उभा राहिला असता, इतकंच. २१ जून १९८५ रोजी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, नवा ध्वज अधिकृत झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रीनलँड युरोपीय आर्थिक समुदायातून बाहेर पडला होता. २००९ मध्ये अधिक व्यापक स्वशासन मिळालं, तेही २१ जूनलाच.

जेमतेम ५७ हजार लोकांचा हा समाज. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ग्रीनलँड ताब्यात घेण्याची भाषा सुरू केल्यावर, मार्च २०२५ मध्ये राजधानी नूकच्या बर्फाळ रस्त्यांवरून लोक अमेरिकी वाणिज्य वकिलातीकडे निघाले. त्यांच्या हातांत हाच तांबडा-पांढरा ध्वज होता.