चढाईचे गुण मोजले, पोराचे मोल कोण मोजणार?

"जयभीम वकीलसाहेब, एवढा कागद बघून द्या." परळच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचा हुकमी चढाईपटू. प्रो कबड्डीच्या संघात घेण्याची बोलणी चाललेली. हातात इंग्रजीतला करार, आणि परीक्षा तोंडावर. बापाचा प्रश्न सरळ होता. पोराने लीग धरावी की परीक्षा द्यावी?

हा प्रश्न एका घराचा नाही. लालबाग, नायगाव, प्रभादेवी, डिलाईल रोड येथील गल्लीगल्लीत कबड्डीची मंडळे आहेत. एकेकाळी गिरण्यांचे संघ होते आणि चांगल्या खेळाडूला गिरणीत नोकरी मिळे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या गेल्या, संघही गेले. मग रेल्वे, बँका, पोलीस यांच्या संघांकडे पोरांचे डोळे लागले. 2014 साली प्रो कबड्डी आली आणि नोकरीच्या जागी लिलाव आला.

चढाईपटू मोठा होईल की नाही, हे कसे ओळखायचे? श्रमिक जिमखान्याच्या मैदानाशेजारी उभे राहून आयुष्य घालवलेल्या जुन्या जाणत्यांना विचारा. पोराने किती गुण घेतले, हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, कोणासमोर घेतले? समोर कच्चा कोपरारक्षक असेल तर दहा गुण कोणीही घेईल. सहा-सात गडी मैदानात असताना बोनस घेऊन तो परततो का? दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तीस सेकंदांत त्याचे डोके शांत राहते का? मातीवरचा खेळ मॅटवर टिकतो का? मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट चिकटतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. महाविद्यालयीन स्पर्धेत निव्वळ वेगावर जिंकणारा पोरगा पुढच्या पायरीवर अडतो तो याच ठिकाणी. तिथे त्याचे आवडते डावपेच प्रतिस्पर्ध्यांनी चित्रफितीवर पाहून ठेवलेले असतात.

एवढे सगळे पारखून घेतले तरी बाजारभाव सांगता येत नाही. सिद्धार्थ देसाईचे उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा मुलगा. 2018 साली यू मुम्बाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. पुढे खांदा दुखावला. 2022 मध्ये त्याच संघाने त्याला 20 लाखांत घेतले आणि 2023 मध्ये हरियाणाने 1 कोटी दिले. माणूस तोच, अंगातली विद्या तीच. उलट पवन सेहरावत 2022 मध्ये 2 कोटी 26 लाखांना गेला, पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामाला मुकला, तरी पुढच्या वर्षी त्याची बोली आणखी वाढली. लिलावातली बोली त्या दिवशीची गरज सांगते. त्यावर घराचा हिशेब मांडता येत नाही. शिवाय या आकड्यांपर्यंत पोहोचणारे बोटावर मोजण्याइतके. महाविद्यालयातून येणारी पोरे बहुधा लिलावाबाहेर, युवा खेळाडू म्हणून, लहान करारावर घेतली जातात.

या बाजाराच्या बाजूला दुसरा बाजार उभा राहिला, मोबाईलवरचा. खऱ्या सामन्यातले सात खेळाडू निवडायचे, कर्णधार केलेल्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, आणि वर पैसे लावायचे. हा कौशल्याचा खेळ आहे, असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2019 साली मान्य केले होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून कौशल्य असो वा नशीब, पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि कंपन्यांनी असे खेळ थांबवले. मधल्या वर्षांत नाक्यावरच्या किती पोरांचा पगार त्यात गेला, हे त्यांच्या आयांना विचारा!

पैसे थांबले, पण त्या खेळाने लावलेली दृष्टी अजून शिल्लक आहे. शेवटची दोन मिनिटे आहेत, आपला संघ दोन गुणांनी पुढे आहे. अशा वेळी शहाणा चढाईपटू निदानरेषा ओलांडतो, वेळ काढतो आणि हात न लावता परत येतो. ती रिकामी चढाई सामना जिंकून देते. मोबाईलच्या हिशेबात तिचे गुण शून्य. आमच्याकडे आलेल्या पोराचे मित्रही त्याच्या गुणांची बेरीज करून त्याची किंमत ठरवत होते. त्याचा दुखरा घोटा कोणाच्याच बेरजेत नव्हता.

मोजणाऱ्यांचा हा दोष जुना आहे. पळवणकर बाळू यांची डावखुरी फिरकी हिंदू जिमखान्याला युरोपियनांविरुद्ध हवी होती. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण चांभार घरात जन्मलेल्या बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. 1937 साली ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय कमी होत नाही. बळी मोजले गेले, माणूस मोजला गेला नाही.

म्हणून आम्ही त्या बापलेकांपुढे चार प्रश्न ठेवले. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? खेळता आले नाही त्या महिन्यांचे पैसे मिळणार का? करार मध्येच मोडण्याचा अधिकार फक्त एकाच बाजूला आहे का? आणि विमा किती रकमेचा, किती काळाचा? कागदावर उत्तर नसेल तर तोंडी आश्वासनावर सही करू नये. लेखी मागावे. मागण्यात कमीपणा नाही.

आणि परीक्षा? ती द्यायचीच. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात आणि त्या पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. पदवी नसलेल्या चढाईपटूला वरच्या पदाचा दरवाजा बंद राहतो. चढाईपटूचे गुडघे तिशीपर्यंत साथ देतील, पदवी साठीपर्यंत देईल.

पोरगा हिरमुसला. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, लीग सोडू नकोस. पण चढाईला जाताना मध्यरेषा कुठे आहे, हे तू कधी विसरतोस का?" तो हसला. म्हणाला, "नाही सर, परत तिथेच यायचं असतं."

आमच्या वस्त्यांतल्या प्रत्येक मंडळाने आपल्या खेळाडूला ही मध्यरेषा आखून द्यावी. मैदानात घाम गाळणारा पोरगा आपला आहे. त्याचे मोल लिलावाच्या हातोड्यावर सोडून चालणार नाही.