काटकुळ्याची साखर

कर्जासाठी टेबलापुढे येऊन बसलेल्या माणसाकडे पाहून मी त्याची पत ओळखत असे. निदान बँकेतल्या नोकरीत तसा माझा समज होता. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र साफ फसलो. निवृत्तीला आठ-नऊ वर्षे उरली असताना वार्षिक तपासणीत माझ्या रक्तात साखर निघाली. वजन छप्पन्न किलो. पोट म्हणाल तर पँटच्या पट्ट्याआड लपेल एवढेच. मालवणच्या घरी बातमी पोहोचली तेव्हा काकीने निकाल देऊन टाकला, "ह्या काटकुळ्याक साखर? मशीनच बिघडला असतला!" मलाही ते पटले. मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्या शेठजींचा रोग, ही आमच्याकडची पक्की समजूत. गोळ्यांची चिठ्ठी दोन वर्षे पाकिटातच राहिली. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा कुठे जागा झालो.

मग खतावणी तपासण्याच्या जुन्या खोडीने वाचत सुटलो, आणि काकीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले ते पुण्यात. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षे हाच प्रश्न घेऊन बसले आहेत. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन माणसांचे एक छायाचित्र आले. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची 21.2 टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार. छायाचित्र पाहून मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो, हे कबूल करतो.

यात बिघडते काय? स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि साखरेला पेशींचे दार उघडून देते. जेवणानंतरची बरीचशी साखर रिचवतात ते स्नायू. आपल्याकडे स्नायूच बेताचे, आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती. ही चरबी इन्सुलिनचे काम अडवते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काही वर्षे रेटते आणि मग थकते. वजनकाट्याला यातले काही कळत नाही.

पण हे शरीर असे घडते कधी, हा खरा प्रश्न. 1993 पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची पाहणी सुरू केली, गरोदर राहण्याआधीपासून. त्या बायकांचे सरासरी वजन अवघे 42 किलोच्या आसपास. शेतात राबणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. मात्र आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान होते, तितकी त्यांच्या कातडीखालची चरबी कमी नव्हती. म्हणजे आतून चरबीदार असलेला बारीक माणूस जन्मतःच तसा होता! साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांचे म्हणणे असे की, पोटात अन्न तुटपुंजे पोहोचले तर गर्भ आधी मेंदू सांभाळतो आणि बाकीच्या अवयवांवर काटकसर करतो.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. 2021 साली प्रसिद्ध झालेले आकडे मी दोनदा वाचले. जवळजवळ निम्मी मुले चक्क कमी वजनाची, आणि तरीही मुलांपैकी 37 टक्के व मुलींपैकी 18 टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. खेड्यातली, अंगावर मांस नसलेली पोरे ही.

हे सगळे मी उत्साहाच्या भरात आईला सांगितले. ती आज शहाऐंशीची आहे. ऐकून घेतले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "मगे माझा काय चुकला? तेव्हा जा गावला ता खाल्लंय."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझा जन्म श्रावणातला. शेवटचे महिने ऐन पावसाचे, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, घरात उकड्या तांदळाची पेज आणि खारवलेला बांगडा. तोही कोणाच्या ताटात? "पयले पुरुष, मगे पोरा. तुकडी तेंका, आमका नुसतो रस." बंदरावर मासळी तोलली जात होती, बागेतल्या काजूबिया तोलल्या जात होत्या, मला जन्मल्यावर कोणी तोलले नाही.

त्या रसावरून पुण्याचाच आणखी एक निष्कर्ष आठवतो. त्या खेड्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते. ते मिळते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. ज्या आयांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी जास्त आणि इन्सुलिनचा परिणाम कमी आढळला. हे 2008 साली छापून आले. म्हणून कोणी फॉलिक ॲसिडची गोळी फेकू नये, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच. जोडीला बी-12 हवे, एवढेच. 2012 पासून त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-12 देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहण्याचा प्रयोगही सुरू झाला. आजाराचा इलाज आजाऱ्याच्या जन्माआधी शोधणारे संशोधन मी तरी दुसरे वाचलेले नाही.

आणि हे दूरचे नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण निघाले ते गोव्यात, प्रौढांमध्ये 26.4 टक्के. बांदा ओलांडले की गोवा. भात तोच, नारळ तोच, मासळी तीच. आणि होडी वल्हवणारे हात आता स्कूटरवर.

आमच्या सुनेला सातवा महिना लागला आहे. गेल्या रविवारी सुरमई आणली होती. आई स्वतः वाढायला बसली. मधली, जाड तुकडी तिने सुनेच्या ताटात घातली, दुसरीही तिथेच. माझ्या वाट्याला रस आला. मी तोंडाकडे पाहिले तर म्हणाली, "तुका काय, गोळी आसा मा!"