‘हे लोक’ की ‘आपण’?

देशावर प्रेम आहे म्हणून गप्प बसायचं, की प्रेम आहे म्हणूनच बोलायचं? एका उखडलेल्या फुटपाथमुळे सुरू झालेला शोध...

‘या देशाचं काही होणार नाही!’

सोमवारी सकाळी घामाघूम होऊन ऑफिसात पोचलेला प्रत्येक जण हे वाक्य एकदा तरी म्हणतोच. त्यातही कॉफी मशीनसमोर उभं राहून म्हटलं की त्याला वेगळीच चव येते. समोरचा मान डोलावतो आणि आपला खड्ड्याचा किस्सा सांगतो. तिसरा कुठल्याशा दाखल्यासाठी घातलेल्या चार फेऱ्यांचा हिशेब मांडतो. मग सगळे आपापल्या क्युबिकलमध्ये. आणि १५ ऑगस्ट जवळ आला की हीच मंडळी ‘एथनिक डे’ला तिरंगी ओढणी नि पांढरा कुर्ता घालून फोटो काढतात. मीही त्यातलीच एक.

मग यातलं खरं काय? सोमवारची मी, की १५ ऑगस्टची मी? खरं सांगते, माझा दादा सुट्टीवर येईपर्यंत मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तुमच्याकडे, आमच्याकडे

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. दर दोन वर्षांनी डिसेंबरात येतो, बॅगभर चॉकलेट्स आणतो आणि परत जाताना आईच्या हातचे भाजणीचे डबे घेऊन जातो.

या वेळी तो आला तेव्हा आमच्या बिल्डिंगसमोरचा फुटपाथ उखडलेला होता. नवरात्रात कुणीतरी केबल टाकायला खणला आणि वर नुसती माती लोटून गेले. दिवाळी गेली, माती खचली, खड्डा तसाच. दादा आल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई भाजी घेऊन येताना तिथेच पडली. उजव्या हाताचं मनगट फ्रॅक्चर. दीड महिना प्लास्टर.

रात्री जेवणाच्या टेबलावर दादा म्हणाला, ‘मावशी, तुमच्याकडे ना, माणसाच्या जिवाची किंमतच नाही कुणाला. आणि तुम्हा लोकांना त्याची सवय झालीये.’

माझं डोकंच सटकलं. ‘तुम्हा लोकांना म्हणजे? तू काय तिकडेच जन्मलास?’

तो शांतपणे म्हणाला, ‘अगं, चिडतेस काय? हॉस्पिटलमधून मैत्रिणीला फोनवर तूच सांगत होतीस ना, हे लोक कधी सुधारणार नाहीत म्हणून?’

मी गप्प. कारण मी अगदी हेच म्हणाले होते. मग तेच वाक्य त्याच्या तोंडून आल्यावर मला का झोंबलं?

रात्री झोप येईना. विचार करता करता लक्षात आलं की त्याच्या वाक्यात ‘तुम्ही’ होतं, माझ्या वाक्यात ‘हे लोक’. दोघांच्याही वाक्यात एक शब्द नव्हता. आपण.

गंमत बघा. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मधून ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो आणि बोलणाराही सुटत नाही. ‘हे लोक फुटपाथ खणून ठेवतात’ असं म्हटलं की माझं काम संपतं. ‘आपले फुटपाथ असे का असतात?’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग मी काय केलं?

आणि हो, त्या संध्याकाळी आईला उचललं कुणी? कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी. सांडलेली भाजी गोळा करून त्यांनी आईला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ज्या रिक्षावाल्याने हॉस्पिटलपर्यंत नेलं, त्याने मीटरकडे बघितलंही नाही आणि पैसेही घेतले नाहीत. म्हणजे मी फोनवर ज्यांना ‘हे लोक’ म्हणून मोडीत काढत होते, त्यांत हे दोघंही होते की!

बाबांचे दहा रुपये

त्या रात्री टेबलावर बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी विचारलं, ‘तुझ्या प्रिंटरमध्ये कागद आहेत का गं?’

बाबांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला. खणायची परवानगी कुणाला दिली, पूर्ववत करायची मुदत काय होती, काम तपासलं कुणी, त्याची कागदपत्रं द्या. बस्स. खाली सही, नाव, पत्ता आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. २००५च्या कायद्यानुसार माहिती का हवी, हे सांगावं लागत नाही आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात तर २००२पासूनच असा राज्याचा कायदा होता. मास कॉमच्या परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलंय. प्रत्यक्षात अर्ज? आयुष्यात एकही केला नव्हता!

अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. सोफ्यावर टेकत म्हणाले, ‘काका, जरा दमानं घ्या. बिल्डिंगच्या ओसीची फाइल त्याच ऑफिसात अडकलीये. उगाच साहेबांना दुखवलंत तर आपल्या बेचाळीस फ्लॅटवाल्यांना त्रास. शिवाय पेपरात-बिपरात आलं तर सोसायटीचं नाव खराब होईल.’

यांच्याही वाक्यात ‘आपल्या’ होतं. पण हा ‘आपण’ तोंडावर बोट ठेवणारा होता. घरातलं बाहेर बोलू नका, शेजारी काय म्हणतील, असं सांगणारा. देशाबद्दल काही बोललं की ‘बाहेर बदनामी होते’ म्हणणारे असतात ना, अगदी तसाच!

आणि आता एक कबुली. सेक्रेटरी गेल्यावर मीच बाबांना म्हणाले, ‘जाऊ द्या ना बाबा. ओसीचं खरंच अडकलं तर सगळे आपल्यालाच बोलतील.’

बाबा म्हणाले, ‘तुझ्या लेखावर तुझं नाव असतं की सोसायटीचं?’

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन अर्ज देऊन आले. पोच घेतलेली प्रत फायलीत लावली.

आगरकरांनी नाकारलेलं पॅकेज

पुण्यात एफसी रोडवर कॉफी प्यायला, शॉपिंगला आपण सगळेच जातो. ज्या फर्ग्युसन कॉलेजमुळे त्या रस्त्याला नाव मिळालं, त्याचे एक प्राचार्य होते गोपाळ गणेश आगरकर. १८५६मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गरीब घरात जन्म. त्या काळी एम.ए. म्हणजे सरकारी नोकरीत गलेलठ्ठ पगार ठरलेला. आजच्या भाषेत, डे वनचं प्लेसमेंट. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की त्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी देणार आहे.

आणि देऊन केलं काय? आपल्याच समाजाला आरसा दाखवला. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२मध्ये ते आणि टिळक, दोघंही मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे दोघांचं बिनसलं. १८८८मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि बालविवाह, केशवपन अशा रूढींवर कोरडे ओढले. चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५मध्ये वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी ते गेले.

म्हणजे टिळक सरकारच्या चुका दाखवत होते, आगरकर आपल्या स्वतःच्या. दोघांपैकी कुणाचं देशावर कमी प्रेम होतं, सांगा बरं? फरक इतकाच, की सरकारला बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात. ‘आपलंच चुकतंय’ म्हणणाऱ्याला तिरडी बघावी लागते!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण वेळ काढून वाचा. दुसऱ्या दिवशी राज्यघटना स्वीकारली जाणार होती. इतक्या मोठ्या क्षणी माणूस कौतुकाची चार वाक्यं बोलून खाली बसला असता. बाबासाहेबांनी मात्र इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतोय. ही विसंगती दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल. ज्या समाजाने त्यांना पाणवठ्यावर पाणी नाकारलं, त्या समाजाबद्दल बोलतानाही त्यांच्या भाषणात ‘हे लोक’ नव्हतं, ‘आपण’ होतं.

राज वेगळं, देश वेगळा

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. टिळकांवर १८९७ आणि १९०८मध्ये खटले झाले ते राजद्रोहाचे. दुसऱ्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा आणि थेट मंडाले. हा शब्द नीट बघा : राजद्रोह. म्हणजे राज्य करणाऱ्यांविरुद्धचा. तेव्हा राज्य परक्यांचं होतं, त्यामुळे राजद्रोही माणूस देशभक्त ठरायचा! आज गप्पांत आपण ‘राजद्रोह’ला सर्रास ‘देशद्रोह’ म्हणून टाकतो. म्हणजे सरकार आणि देश एकच करून टाकतो.

खरं तर सुप्रीम कोर्टाने १९६२मध्येच केदारनाथ सिंह खटल्यात स्पष्ट केलं होतं की सरकारवर कितीही कडक टीका केली, तरी ती हिंसाचाराला चिथावणी देत नसेल तर राजद्रोह होत नाही. २०२२मध्ये कोर्टाने ते १२४-अ कलमच स्थगित केलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द उरला नाही. देशाच्या सार्वभौमत्वाला आणि एकतेला धोका पोचवण्याबद्दलचं १५२ कलम मात्र आलं आणि त्यावरही वाद आहेतच. कायद्याचा कीस वकील काढतील. आपण निदान बोलताना तरी सरकार आणि देश यांत गल्लत नको करूया.

५२ सेकंदांनंतर

याचा अर्थ झेंडा, राष्ट्रगीत हे सगळं दिखाऊ आहे, असं मला अजिबात म्हणायचं नाही. महाराष्ट्रातल्या थिएटरांत २००३पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत लागू लागलं. २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने ते देशभर सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८मध्ये ती सक्ती काढून घेतली. सक्ती असो वा नसो, मी उभी राहते. शेवटच्या जयघोषाला अंगावर काटाही येतो. तो काटा खोटा नाही.

पण ते ५२ सेकंद सोपे असतात. सगळेच उभे असतात, त्यात कुणाचंच नाव नसतं. कॉफी मशीनसमोरची टीकाही तशीच सोपी, तिथेही खाली सही करावी लागत नाही. अवघड असतो तो सहीचा कागद. कारण त्यात आपण देशाला सांगत असतो की तू सुधारू शकतोस असं मला अजून वाटतं. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याला कोण अर्ज लिहितं?

मग पुढे काय झालं?

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. कागदोपत्री आमचा फुटपाथ ‘पूर्ववत’ झालेला होता! बाबांनी खड्ड्याचे फोटो काढले, आईचा एक्स-रे जोडला आणि रीतसर तक्रार दिली. दोन फेऱ्या झाल्या. मार्चमध्ये माणसं आली आणि पेव्हर ब्लॉक बसवून गेली. सगळीकडे नाही हं. गटाराच्या झाकणाजवळचा तुकडा अजून तसाच आहे. त्यासाठीचं पत्र बाबांनी लिहून ठेवलंय.

ओसीची फाइल? ती जिथे होती तिथेच आहे, पुढेही नाही आणि मागेही नाही. सेक्रेटरी मात्र परवा बाबांकडे आले आणि हळूच म्हणाले, ‘काका, त्या अर्जाचा नमुना द्याल का? ओसीचं काय झालं ते विचारावं म्हणतो.’

आईचा हात बराच सुधारलाय, पण पोळ्या लाटताना अजून दुखतो. ते कुठल्याही अर्जाने भरून येणार नाही.

आणि दादा? गेल्या रविवारी त्याचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं झालं, आईची चौकशी झाली. मग म्हणाला, ‘बरं, आपल्या फुटपाथचं काय झालं गं?’

‘आपल्या’ म्हणाला. मी मुद्दाम काही बोलले नाही. फक्त सांगितलं, ‘एक तुकडा राहिलाय. लागलोय मागे.’

चौकट : सही करायचीय? मग हे लक्षात ठेवा

• माहितीचा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. आधी कागद मिळवा, मग त्यांच्या आधारे तक्रार करा.
• ‘असं का केलं?’ विचारू नका. परवाना, आदेश, तपासणी अहवाल अशा कागदांच्या प्रती मागा.
• महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा असते. भाषण नको!
• अर्ज दिल्याची पोच घ्या आणि जपून ठेवा.
• ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.