प्रियाराधन आणि करारनामा

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्या हमखास आढळतात. मुखपृष्ठावर पायघोळ झगा ल्यालेली तरुणी, तिच्यामागे ताठ गळपट्ट्याचा एखादा ड्यूक किंवा अर्ल, त्याच्याही मागे एक प्रचंड हवेली आणि दारात चार घोड्यांची गाडी. आत काय असेल हे पान न उलटताच सांगता येते. नायक आणि नायिका प्रथम भेटतील तेव्हा भांडतील. मग नृत्ये होतील, गैरसमज होतील, एखादे पत्र भलत्याच्या हाती पडेल आणि शेवटच्या प्रकरणात लग्न ठरेल. इंग्लंडच्या उमराव घराण्यांतील प्रियाराधनाच्या या ऐतिहासिक कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात आणि वाचणारे बहुधा त्या वाचल्याचे कबूल करीत नाहीत.

या कादंबऱ्यांना हसण्याचा प्रघात जुना आहे आणि त्यांतील पुष्कळशा हसण्याजोग्या असतातही. परंतु माझा दिवस सरकारी कागदपत्रांच्या सहवासात जातो, त्यामुळे असेल कदाचित, या कथा वाचताना मला नृत्यगृहातील झुंबरांपेक्षा वकिलाच्या मेजावरचा दस्तऐवज अधिक ठळक दिसतो. त्या काळच्या इंग्लंडातला मालमत्तेचा आणि विवाहाचा कायदा लक्षात घेतला, म्हणजे लाडिक वाटणाऱ्या या कथांत नायिकेने काय पणाला लावलेले असते, ते कळू लागते. श्रोतेहो, आज त्या दस्तऐवजाविषयी थोडे सांगायचे आहे.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. या प्रांताची कुलस्वामिनी म्हणून जेन ऑस्टेनचे नाव घेतले जाते. पण तिने ऐतिहासिक कादंबरी लिहिली नाही. १८११ ते १८१७ या तिच्या अखेरच्या वर्षांत जे ग्रंथ प्रसिद्ध झाले, ते तिच्या स्वतःच्या काळाविषयी होते. राजा तिसरा जॉर्ज मनोविकाराने असमर्थ झाल्यामुळे १८११ पासून १८२० पर्यंत युवराजाने राज्यकारभार पाहिला. त्या नऊ वर्षांच्या काळाला इतिहासात ‘रीजन्सी’ म्हणतात. पुढे शतकभराने जॉर्जेट हेयर या लेखिकेने तो काळ अभ्यासून पुन्हा उभा केला. १९०२ साली जन्मलेल्या आणि १९७४ साली निवर्तलेल्या या बाईंनी पोशाख, गाड्या, बोलण्यातले वाक्प्रचार यांची टिपणे वह्याच्या वह्या भरून ठेवली होती. १९३५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘रीजन्सी बक’ ही या संप्रदायातील आरंभीची महत्त्वाची कादंबरी. अमेरिकन लेखिका ज्युलिया क्विन यांच्या २००० सालापासूनच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘ब्रिजर्टन’ ही मालिका २०२० च्या डिसेंबरात पडद्यावर आली, तेव्हा हाच संप्रदाय नव्या पिढीच्या घरात शिरला.

आता त्या समाजाची रचना पाहू. इंग्लंडातील उमरावाची जमीन मुलांमध्ये वाटली जात नसे. पदवी आणि जहागीर दोन्ही थोरल्या मुलाकडे जात. आणि पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या करारांमुळे त्या थोरल्यालाही जमीन विकण्याची मोकळीक नसे. एका अर्थी तो मालक नसून त्या पिढीपुरता वहिवाटदार असे. धाकट्या मुलांनी सैन्यात, चर्चमध्ये किंवा वकिलीत पोट भरावे आणि मुलींनी लग्न करावे, अशी ही व्यवस्था. मुलीला दुसरा व्यवसाय नव्हता. शिक्षिका म्हणून परक्या घरी राहणे हाच काय तो मार्ग, आणि तो पत्करताच तिची समाजातली पायरी खाली जाई.

म्हणून लंडनमधील ‘सीझन’ला महत्त्व. पार्लमेंटचे अधिवेशन भरले की उमराव मंडळी आपापल्या हवेल्या सोडून सहकुटुंब राजधानीत येत आणि उपवर मुली समाजात आणल्या जात. १७६५ साली उघडलेल्या ‘ऑल्मॅक्स’ या नृत्यगृहात बुधवारी नृत्ये होत. तिथे प्रवेश द्यायचा की नाही, हे काही प्रतिष्ठित स्त्रियांचे मंडळ ठरवी. पैसा होता म्हणून तिथे प्रवेश मिळत नसे. विनोदी कादंबरीत हा प्रकार गमतीचा वाटतो. परंतु ज्या आईला चार मुली उजवायच्या आहेत, तिच्या दृष्टीने त्या मंडळाचा नकार म्हणजे बाजारपेठेचे दार बंद होणे होते.

मुलगा पसंत पडला, त्याने मागणी घातली, मुलीने होकार दिला, की वकील येत. विवाहपूर्व करारनाम्यात मुलीच्या वडिलांनी किती रक्कम द्यायची, नवऱ्याने तिला वर्षाला हातखर्च किती द्यायचा, धाकट्या मुलांसाठी किती राखून ठेवायचे आणि ती विधवा झाल्यास तिच्या निर्वाहाची तरतूद काय, हे सारे लिहिले जाई. वधूने आणलेल्या दर हजार पौंडांमागे वैधव्यात वर्षाला सुमारे शंभर पौंड, असा हिशेब अठराव्या शतकात बराच रूढ होता. हे वाचून नाक मुरडण्यापूर्वी करारनामा नसता तर काय होते, हे पाहावे. त्या काळच्या कायद्याप्रमाणे विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व उरत नसे. तिची रोकड, दागिने, तिने मिळवलेला पैसा हे सर्व नवऱ्याचे. जमीन तिच्या नावाची असली तरी तिचे उत्पन्न नवऱ्याच्या हाती. विश्वस्तांच्या नावे लिहून ठेवलेला तो रुक्ष कागद हीच तिची ढाल होती.

लग्नाची गाठ सुटणेही जवळजवळ अशक्य. १८५७ पूर्वी पुन्हा विवाह करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा संमत करून घ्यावा लागे. दीडशेहून अधिक वर्षांत असे सुमारे सव्वातीनशे घटस्फोट झाले आणि त्यांत दाद मिळालेल्या स्त्रिया फक्त चार. तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी नृत्यगृहात एखाद्याला ‘हो’ म्हणते, तेव्हा ती आपले शरीर, मालमत्ता, पुढे होणारी मुले आणि उरलेले सगळे आयुष्य यांविषयीचा निर्णय एका शब्दात देऊन मोकळी होते. त्यानंतर निर्णय करण्याचा प्रसंग तिला बहुधा येत नाही.

घरून पळून जाण्याचे प्रसंग या कादंबऱ्यांत इतके का येतात, त्याचेही उत्तर कायद्यातच आहे. लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या कायद्याने इंग्लंडात विवाहापूर्वी चर्चमध्ये तीन रविवारी जाहीर घोषणा तरी करावी किंवा परवाना तरी घ्यावा, असे बंधन घातले. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने लग्न करायचे तर पालकांची संमती आवश्यक ठरली. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर ‘आम्ही पतिपत्नी आहोत’ एवढे म्हटले तरी पुरे होई. साहजिकच सरहद्दीलगतचे ग्रेटना ग्रीन हे खेडे प्रसिद्धीस आले. त्या खेड्याकडे धावणारी घोडागाडी म्हणजे मोठे साहस खरे; पण तीत बसलेल्या मुलीपाशी करारनामा नसे, विश्वस्त नसत, हातखर्चाची तरतूद नसे. बापाचा पाठलाग अहंकारापोटी असेल, पण पुष्कळदा तो काळजीपोटीही असे.

या पार्श्वभूमीवर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ ची कादंबरी पुन्हा उघडून पाहावी. बेनेट कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड. पण जहागीर पुरुष वारसालाच जाणार असल्याने वडिलांच्या मृत्यूबरोबर पाचही मुलींचे घर जाणार. तो वारस, म्हणजे पाद्री कॉलिन्स, एलिझाबेथला मागणी घालतो आणि त्या मागणीच्या भाषणातच तिला ऐकवतो की, तुझ्या वाट्याला एक हजार पौंडांपलीकडे काही येणार नाही आणि तेही आईच्या पश्चात. तो मूर्ख आहे, पण त्याचा आकडा चुकीचा नाही. एलिझाबेथ नकार देते. तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच माणसाला होकार देते. लेखिका शार्लटला शिक्षा करीत नाही आणि एलिझाबेथचे कौतुकही मोठ्याने करीत नाही. दोघींसमोर एकच हिशेब ठेवून ती बाजूला होते. स्वतः ऑस्टेनला १८०२ च्या डिसेंबरात एका मोठ्या जहागिरीच्या वारसाने मागणी घातली होती. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या सकाळी तो परत घेतला. पुढे ती अविवाहित राहिली. तेव्हा नकाराची किंमत तिला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

जॉर्जेट हेयर यांनीही हा हिशेब ओळखला होता. त्यांची १९६१ ची ‘ए सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ ही कादंबरी पाहा. बापाने करून ठेवलेल्या कर्जामुळे अडचणीत आलेला तरुण उमराव ॲडम याचे मन एका सुंदर मुलीवर जडलेले आहे. पण घराणे वाचवण्यासाठी तो एका गडगंज व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. येथे लग्न आरंभीच होऊन जाते आणि कथा त्यानंतर चालते. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी लंडनचा रोखेबाजार कोसळत असता ॲडम वेलिंग्टनवर विश्वास ठेवून सरकारी रोखे विकत घेतो आणि सासऱ्याच्या उपकारातून मोकळा होतो. परंतु तोपर्यंत जेनीच्या शांत, रोजच्या सहवासाला त्याच्या जीवनात स्थान मिळालेले असते. उत्कट प्रेमाऐवजी विश्वास हाती लागतो आणि लेखिका तो कमी प्रतीचा मानत नाही.

याच्या उलट, बहुसंख्य कादंबऱ्या चर्चच्या दारापाशी थांबतात. दाराच्या पलीकडे काय असू शकते, ते कॅरोलाइन नॉर्टन हिच्या चरित्रावरून दिसते. प्रसिद्ध नाटककार शेरिडन यांची ही नात. १८२७ साली तिचे लग्न लॉर्ड ग्रँटली यांच्या धाकट्या भावाशी झाले. तो तिला मारहाण करी. १८३६ साली दोघे विभक्त झाले तेव्हा तिन्ही मुले त्याने आपल्याकडे ठेवली, कारण कायद्याने ती बापाची होती. ती लेखिका होती; तिच्या लेखणीची कमाईही कायद्याने त्याचीच. तिने पत्रके लिहिली, पार्लमेंटच्या सभासदांना गाठले, आणि १८३९ साली सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याचा हक्क मातांना देणारा कायदा झाला. तिचा धाकटा मुलगा १८४२ साली वारला. नायिका सुंदर, हुशार, उमराव घराण्यात दिलेली. कादंबरीला लागणारे सर्व साहित्य या चरित्रात होते.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट सहज सुचेल. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात बालविवाहाच्या रूढीमुळे मुलीला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची वेळच येत नसे. त्यामुळे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूची कहाणी प्रियाराधनाची होऊच शकली नाही. ती सासरची आणि वैधव्याची कहाणी झाली. इंग्रजी कादंबरी जिथे पुस्तक मिटते, तिथे आपली कादंबरी उघडली. दोन्हीकडे दुःखाचे मूळ एकच होते: स्त्रीचे आयुष्य दुसऱ्याच्या नावावर लिहून देणारा कायदा आणि रूढी.

या कादंबऱ्यांत दोष आहेत. त्यांत ड्यूक उदंड दिसतात; प्रत्यक्षात तरुण, देखणे आणि अविवाहित ड्यूक फारच दुर्मिळ होते. चुली पेटवणारे नोकर आणि खंड भरणारी कुळे पडद्याआड राहतात. हवेल्यांतल्या वैभवामागे पुष्कळदा वेस्ट इंडीजच्या मळ्यांतील गुलामांचे श्रम किंवा हिंदुस्थानातून नेलेला पैसा होता, हेही क्वचितच सांगितले जाते.

ज्या कायद्यांनी हे कथानक घडवले, ते आता राहिलेले नाहीत. १८५७ साली घटस्फोट न्यायालयात आला, १८८२ साली विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता मिळाली, १९२५ साली थोरल्याच्या वारसाहक्काचा जुना नियम रद्द झाला, आणि मुलींना राजदरबारी सादर करण्याचा समारंभ १९५८ साली शेवटचा झाला. तरीही कादंबरी टिकून आहे. जन्माची गाठ कोणाशी बांधावी, त्या माणसावर विश्वास कशाच्या आधारे टाकावा आणि ‘नाही’ म्हणण्याचे बळ कोठून आणावे, हे प्रश्न कोणत्याही कायद्याने निकालात निघालेले नाहीत. तेव्हा अशी एखादी कादंबरी हाती आली तर ती संकोच न करता वाचावी. फक्त वकील खोलीत येतो ते पान घाईने उलटू नये. नायिकेचे पुढचे आयुष्य त्या पानावर लिहिलेले असते.