धूमकेतूंचे निकट निरीक्षण

धूमकेतूच्या घन गाभ्याचे अवकाशयानांच्या साहाय्याने जवळून केलेले संशोधन. धूमकेतू (शेंडेनक्षत्र) आकाशात दिसतो म्हणजे त्याचे शीर्ष व पुच्छ दिसते. ही दोन्ही, सूर्याच्या उष्णतेमुळे गाभ्यातून बाहेर पडलेले वायू व धूलिकण यांची बनलेली असतात. शीर्षाचा व्यास एक लक्ष किमी. वा त्याहूनही अधिक होऊ शकतो. उलट गाभा बहुधा काही किमी. एवढाच असतो व शीर्षाच्या तेजात झाकून जातो. यामुळे धूमकेतूंच्या नोंदी दोन हजार वर्षांहून अधिक काळ होत आल्या, तरी १९८६ पर्यंत गाभा कोणीही पाहिलेला नव्हता. तो घन आहे, की केवळ सुट्या कणांचा थवा आहे, हाही वादाचा विषय होता. फ्रेड व्हिपल या अमेरिकन ज्योतिर्विदांनी १९५० मध्ये गाभा हा बर्फ व धूळ यांचा एकसंध गोळा असतो, अशी उपपत्ती मांडली होती.

हॅली धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ आला. १९१० च्या मानाने हे दर्शन निराशाजनक ठरले. एप्रिलमध्ये तो पृथ्वीच्या अधिक जवळ आला तेव्हा दक्षिण आकाशात इतका खाली होता की, पाचोरा (जि. जळगाव) येथून पाहणाऱ्यास तो जास्तीत जास्त सु. २२ अंश उंचीवर, एका धूसर ठिपक्यासारखा दिसला असता. त्याच सुमारास अवकाशयाने मात्र त्याच्या शीर्षातून पार झाली होती. सोव्हिएट रशियाची व्हेगा-१ (६ मार्च) व व्हेगा-२ (९ मार्च) ही याने गाभ्यापासून सु. ८,९०० व ८,००० किमी. अंतरावरून गेली. त्यांनी निश्चित केलेल्या गाभ्याच्या स्थानाचा उपयोग करून यूरोपीय अवकाश संस्थेचे जॉत्तो हे यान १४ मार्च रोजी केवळ सु. ६०० किमी. अंतरावरून नेण्यात आले. यान व धूमकेतू यांचा सापेक्ष वेग सेकंदाला ६८ किमी. होता. या वेगाने एखादा ग्रॅम वजनाचा कणही घातक ठरतो. अशाच एका कणाच्या आघाताने निकटतम बिंदूच्या काही सेकंद आधी यान डळमळले आणि सु. अर्धा तास त्याचा संपर्क खंडित होत राहिला. कॅमेरा पुढे निकामी झाला. तोवर प्रतिमा पृथ्वीवर पोहोचल्या होत्या.

त्यांत दिसलेला गाभा घन होता, म्हणजे व्हिपल यांचे अनुमान बरोबर ठरले. पण त्याचे रूप अनपेक्षित होते. सु. १५ किमी. लांब व ८ किमी. रुंद असा हा गाभा बटाट्यासारखा ओबडधोबड असून कोळशाहूनही काळा होता. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परावर्तित होत होता. वायूचे झोत सर्व पृष्ठातून न निघता सु. एक-दशांश भागातूनच निघत होते; बाकीचा पृष्ठभाग काळ्या कवचाने झाकलेला होता. बाहेर पडणाऱ्या वायूंत सु. ८० टक्के पाण्याची वाफ होती. धुळीतील अनेक कण कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन या मूलद्रव्यांनी समृद्ध होते.

यानंतरच्या मोहिमांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. अमेरिकेच्या स्टारडस्ट यानाने २००४ मध्ये विल्ट-२ धूमकेतूची धूळ गोळा केली व जानेवारी २००६ मध्ये ती पृथ्वीवर आणली. तीत अतिशय उच्च तापमानाला बनणारी खनिजे सापडली. गोठलेल्या प्रदेशात घडलेल्या पिंडात ती कशी आली, याचा उलगडा सूर्याजवळचे द्रव्य सौरकुलाच्या बाल्यावस्थेत दूरवर फेकले गेले असे मानल्यासच होतो. डीप इम्पॅक्ट यानाने ४ जुलै २००५ रोजी टेम्पेल-१ वर ३७० किग्रॅ. वजनाचा आघातक आदळवून आतील द्रव्य उघडे केले.

वरील सर्व याने धूमकेतूजवळून केवळ निघून गेली. धूमकेतूबरोबर राहण्याचा मान यूरोपीय रोझेटा यानाचा आहे. २ मार्च २००४ रोजी निघालेले हे यान ६ ऑगस्ट २०१४ रोजी ६७-पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूपाशी पोहोचले आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजी त्याच्यावरच उतरविण्यात आले. दरम्यान, १२ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याच्यापासून सुटलेले फिली हे उपयान गाभ्यावर टेकले. पण त्याला जखडून ठेवणारी साधने न चालल्याने ते उसळले आणि अखेर एका कड्याच्या सावलीत अडकले. सूर्यप्रकाशाअभावी त्याचे कार्य सु. अडीच दिवसांतच थांबले, तरी तेवढ्यात त्याने पृष्ठालगतची कार्बनी संयुगे ओळखली. हा गाभा दोन खंडांचा, मध्ये मान असलेला आहे. दोन वेगळे पिंड मंद गतीने एकमेकांस चिकटून तो झाला असावा. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी असून सु. तीन-चतुर्थांश आकारमान पोकळ आहे. वायूंमध्ये रेणवीय ऑक्सिजन आढळला, ही गोष्ट कोणाच्याही अपेक्षेत नव्हती. ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल व फॉस्फरस यांचेही अस्तित्व सिद्ध झाले.

पृथ्वीवरील पाणी धूमकेतूंनी आणले काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ मिळाले नाही. सागरजलात दर दहा हजार हायड्रोजन अणूंमागे जड हायड्रोजनाचे (ड्यूटेरियमाचे) सु. १.६ अणू असतात. हॅलीच्या पाण्यात हे प्रमाण सु. दुप्पट, तर ६७-पी मध्ये तिपटीहून अधिक भरले. पण २०१० मध्ये हर्शेल या अवकाश वेधशाळेतून पाहिलेल्या हार्टली-२ चे पाणी सागरजलाशी जुळले. गाभ्याजवळच्या धुळीमुळे ६७-पी चे मापन फुगले असावे, असे २०२४ मधील एका फेरतपासणीत सुचविण्यात आले.

फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांचा दावा याहून धाडसी होता. त्यांच्या मते धूमकेतूंमधून सूक्ष्मजीवच पृथ्वीवर येतात. बहुतेक शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. परंतु हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी ते प्रयोगाच्या कसोटीस लावले. भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या साहाय्याने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांतून २००१ व २००५ मध्ये उच्च वातावरणातील हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत गोळा करण्यात आले. २००५ च्या नमुन्यांची (२० ते ४१ किमी. उंची) तपासणी हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. त्यांपैकी एकीला हॉईल यांचे, एकीला आर्यभट यांचे नाव देण्यात आले. जंबुपार किरणांना त्या आपल्या निकटच्या जातींपेक्षा अधिक दाद देत नाहीत. तथापि त्या पृथ्वीबाहेरून आल्या असे या प्रयोगाने सिद्ध झालेले नाही.