अमेरिकन हायस्कूलमधील एक वर्ष

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आपल्या मनात विद्यापीठाचाच विचार प्रथम येतो. पदवी हाती असलेला, वयाने जाणता झालेला तरुण उच्च शिक्षणासाठी बाहेर जातो, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु पंधरा-सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा किंवा मुलगी एकटीच अमेरिकेत जाते, तेथील अनोळखी कुटुंबात घरचे मूल म्हणून राहते, त्या गावच्या शाळेत दहा महिने शिकते आणि परत येते, या प्रथेची माहिती आपल्या शाळांतून फारशी आढळत नाही. महाराष्ट्रातील मुलेही अशा कार्यक्रमांतून जातात. त्यांच्या अर्जाबरोबर शाळेची गुणपत्रके आणि शिक्षकांची शिफारस जोडावी लागते. शिफारस लिहिणाऱ्याला आपण त्या मुलास नेमके कोठे पाठवीत आहोत हे ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे विवेचन.

या विनिमयाचे मूळ युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, काही अमेरिकन स्वयंसेवकांनी फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेण्याचे काम हाती घेतले. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ हे त्यांच्या संघटनेचे नाव. दुसऱ्या महायुद्धातही तिने हेच काम केले. युद्ध संपल्यावर रुग्णवाहिकांचे काम उरले नाही. तेव्हा निरनिराळ्या देशांतील मुले एकमेकांच्या घरी राहिली तर पुढची पिढी एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलण्यापूर्वी थोडा विचार करील, या भावनेने या मंडळींनी १९४७ साली दहा देशांतील बावन्न विद्यार्थी अमेरिकन शाळांत आणले. १९५१ साली युद्धाने होरपळलेल्या जर्मनीतील पंचाहत्तर मुलामुलींना मिशिगन राज्यात आणण्यात आले. त्यातून दुसरी एक मोठी संस्था उभी राहिली. कालच्या शत्रूची मुले आपल्या घरात ठेवून घेणे ही त्या कुटुंबांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. रोटरी क्लबांचाही स्वतःचा विनिमय कार्यक्रम आहे. १९६१ साली अमेरिकन काँग्रेसने शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमयासंबंधी कायदा केला आणि या कार्यास शासकीय चौकट लाभली. २००१ मधील न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर, २००२ साली, मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांकरिता ‘केनेडी-लुगार’ या नावाची शिष्यवृत्ती योजना अमेरिकन शासनाने सुरू केली. तीत पुढे भारताचाही समावेश झाला.

कोण जाऊ शकते याचे नियम स्पष्ट आहेत. कार्यक्रमाच्या प्रारंभी वय किमान पंधरा आणि कमाल साडेअठरा असावे लागते. बालवर्ग वगळता शालेय शिक्षणाची अकरापेक्षा अधिक वर्षे पूर्ण झालेली नसावीत. म्हणजेच आपल्याकडील दहावी किंवा अकरावी झालेला विद्यार्थी पात्र ठरतो, बारावी झालेला ठरत नाही. मुक्काम एका सत्राचा किंवा फार तर एका शैक्षणिक वर्षाचा असतो. नोकरी करता येत नाही. शेजाऱ्यांचे अंगण साफ करणे, लहान मुले सांभाळणे अशी किरकोळ कामे तेवढी चालतात.

या मुलांपैकी अनेकजण न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या महानगरांत न जाता मध्य-पश्चिमेकडील व इतर भागांतील लहान गावांत जातात. त्यामागील व्यवस्था आपल्या पंचायत सदस्यांनी समजून घेण्याजोगी आहे. अमेरिकेत शाळा चालविणे हे संघशासनाचे काम नाही. सुमारे तेरा हजार शाळा-जिल्हे तेथे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडून दिलेले शाळा मंडळ पाहते. शाळा-जिल्ह्याचा अधीक्षक नेमणे, अंदाजपत्रक संमत करणे, ही कामे मंडळाची. खर्चाचा मोठा भाग गावातील घरे व जमिनी यांवरील करातून उभा राहतो. आपल्याकडेही जिल्हा परिषदा १९६२ साली अस्तित्वात येण्यापूर्वी जिल्हा शाळा मंडळे होती, हे जुन्या शिक्षकांकडून अनेकांनी ऐकले असेल. मात्र त्यांचा अधिकार प्राथमिक शिक्षणापुरता होता. अमेरिकेतील मंडळ बारावीपर्यंतच्या शाळा चालविते. परदेशी विद्यार्थ्यास शाळेत घ्यावयाचे की नाही हेही तेथेच ठरते आणि शाळेची लेखी संमती आल्याखेरीज संस्थेला विद्यार्थी पाठविता येत नाही. सरकारी शाळेत विनिमय विद्यार्थ्याकडून बहुधा शुल्क घेतले जात नाही. एका अनोळखी देशातील मुलाचा वर्षाचा खर्च त्या गावचे करदाते उचलतात, असाच याचा अर्थ होतो.

यजमान कुटुंबाचेही तसेच. त्याला विद्यार्थ्याला ठेवून घेण्याबद्दल मोबदला मिळत नाही. आयकरात महिन्याला पन्नास डॉलरपर्यंतची वजावट काही अटींवर मिळते, एवढाच काय तो दिलासा. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या पूर्ववृत्ताची तपासणी होते, घर प्रत्यक्ष पाहिले जाते आणि संस्थेच्या स्थानिक समन्वयकाने विद्यार्थ्याशी व कुटुंबाशी महिन्यातून निदान एकदा संपर्क साधावा, असे बंधन आहे.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळू. नववी ते बारावी या चार इयत्तांचे मिळून हायस्कूल होते. आपल्याकडे वर्ग एका खोलीत बसतो आणि शिक्षक तासागणिक बदलतात. तेथे खोली शिक्षकाची असते आणि विद्यार्थी फिरतात. घंटा झाली की चार-पाच मिनिटांत शेकडो मुले लांबच लांब बोळांतून लोटतात, भिंतीतील पोलादी कपाटे उघडतात, पुस्तके बदलतात आणि दिसेनाशी होतात. नवागताला पहिले दोन दिवस हातात वेळापत्रकाचा कागद धरून खोल्या शोधीत हिंडावे लागते. गणिताच्या तासाला शेजारी बसलेला मुलगा इतिहासाच्या तासाला नसतो. आपल्या मुलाला ‘माझा वर्ग’ म्हणून जो आधार लहानपणापासून असतो तो तेथे मिळत नाही, आणि पहिल्या महिन्यातील एकटेपणाचे हे एक मोठे कारण होय. या एकटेपणाची सर्वांत कठीण जागा म्हणजे जेवणाची सुट्टी. भोजनगृहात टेबले ठरून गेलेली असतात. ताट हातात घेऊन कोणाजवळ बसावे, हा प्रश्न मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटेल. सोळा वर्षांच्या मुलाला तो रोज सकाळपासून छळतो.

शिक्षक वर्गात आल्यावर कोणी उभे राहत नाही. विद्यार्थी शिक्षकाचे म्हणणे खोडून काढतो आणि शिक्षक त्याबद्दल रागावत नाही. उलट, गप्प बसणाऱ्याचे गुण कमी होण्याचा संभव असतो, कारण चर्चेतील सहभागाला अनेक ठिकाणी गुण असतात. वर्षअखेरच्या एकाच मंडळ-परीक्षेवर सारे अवलंबून नसते. गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रयोग, निबंध यांतून गुण साठत जातात. गणितात आपली मुले बहुधा पुढे असतात. अमेरिकन इतिहास व इंग्रजी साहित्य या विषयांत मात्र त्यांची दमछाक होते, आणि ती केवळ भाषेमुळे नव्हे. पुस्तकातील उतारा पाठ करून उत्तरात उतरविणे हे आपल्याकडे अभ्यासाचे लक्षण मानले जाते. तेथे मूळ लेखकाचा निर्देश न करता तसे केल्यास ती चोरी ठरते आणि शून्य गुण पडू शकतात. ‘तुझे स्वतःचे मत काय?’ या प्रश्नापुढे नव्वद टक्के गुण मिळविणारी मुले अडखळतात. दोष मुलांचा नाही. तो प्रश्न त्यांना पूर्वी कोणी विचारलेलाच नसतो.

बऱ्याच शाळांत सकाळी राष्ट्रध्वजाला उद्देशून प्रतिज्ञा म्हटली जाते. परदेशी विद्यार्थ्याने काय करावे, असा संकोच साहजिक आहे. कोणाही विद्यार्थ्यावर ती म्हणण्याची सक्ती करता येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ सालीच दिला आहे. आदराने उभे राहणे पुरेसे होते.

खेळाचे स्थान फार मोठे. शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा फुटबॉलचा सामना असला की लहान गावाचे अर्धेअधिक व्यवहार त्याभोवती फिरतात. खेळाडू, वाद्यवृंद, खाद्यपदार्थ विकणारे पालक सारे मैदानावर. विनिमय विद्यार्थ्याला संघात घेण्यासाठी शाळा-जिल्हा व राज्याची क्रीडा संघटना यांची मान्यता लागते. परंतु ज्याला खेळता येत नाही त्यानेही एखाद्या संघात, गायनवृंदात किंवा नाटकात नाव घालावे, असा सल्ला अनुभवी समन्वयक देतात. मैत्री वर्गात होत नाही. ती शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांत होते.

घरातील अनुभव याहून नाजूक असतात. आपल्याकडे पाहुणा ‘नको’ म्हणतो आणि यजमान आणखी वाढतो. तेथे एकदा ‘नको’ म्हटले की भांडे पुढच्या माणसाकडे सरकते, आणि संकोची मुले पहिल्या आठवड्यात उपाशी झोपतात. शाकाहारी मुलाची अडचण दुहेरी असते. अर्जात हे स्पष्ट लिहिले नसेल तर दोष कुटुंबाला देता येणार नाही. यजमान पतिपत्नींना आईवडील म्हणावे की त्यांच्या नावाने हाक मारावी? वडीलधाऱ्या माणसाला एकेरी नावाने हाक मारणे मराठी मुलाच्या जिभेवर येत नाही, आणि काही न म्हणता नुसते समोर जाऊन उभे राहणे त्या लोकांना विचित्र वाटते. भांडी यंत्रात लावणे, आपले कपडे आपण धुणे, हिरवळ कापणे ही कामे घरातील मुलांप्रमाणे यालाही वाटून येतात. ज्या मुलाला घरी पाण्याचा पेलाही हातात मिळत होता त्याला यात अपमान वाटतो. खरे पाहता कामाची यादी हातात पडणे, हीच आपण पाहुणे राहिलो नाही याची खूण असते. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग व पुढे नाताळ हे दिवस फार जड जातात. आकाशकंदिलाविना दिवाळी गेलेली असते, बाहेर थंडी आणि अंधार असतो आणि घर दुसऱ्यांच्या आप्तेष्टांनी भरलेले असते. पूर्वी पत्राला दोन-तीन आठवडे लागत. आता रोज रात्री आईचा चेहरा पडद्यावर दिसतो. हे सुख आहे खरे, पण रोज दोन तास घराशी बोलणारे मूल दोन्हीकडे अर्धेच राहते, असे मला वाटते.

लोक प्रश्न विचारतात. तुमच्याकडे लग्ने कोण ठरविते, जात म्हणजे काय, गाय रस्त्यावर का असते. प्रश्नांत हेटाळणी असतेच असे नाही. पण उत्तर देताना आपल्यालाच आपला देश नीट ठाऊक नाही, हे मुलाच्या ध्यानात येते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे शाळेच्या व्यासपीठावरून सांगणाऱ्या मुलीला तिच्या गावच्या सरपंचबाईंचे काम आधी पाहिलेले असावे लागते.

या चित्राची दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. २०२० पूर्वी दरवर्षी वीस हजारांहून अधिक शालेय विद्यार्थी अशा रीतीने अमेरिकेत जात, त्यांत जर्मनीतील मुलांचा वाटा मोठा. इतक्या मुलांना विनामोबदला घरे शोधणे सोपे नाही. घाईने, पुरेशी चौकशी न करता मुले ठेवली गेल्याची उदाहरणे घडली आहेत. २००९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात काही विनिमय विद्यार्थी अस्वच्छ व राहण्यास अयोग्य घरांत, पोटभर अन्नही न मिळता राहत असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर परराष्ट्र खात्याच्या देखरेखीवर टीका झाली आणि २०१० साली नियम कडक करण्यात आले. विद्यार्थ्याजवळ ओळखपत्र व त्यावर तातडीचे दूरध्वनी क्रमांक असावेत, असाही नियम आहे. पण आपल्या संस्कारांत वाढलेले मूल ‘लोकांनी फुकट ठेवून घेतले आहे, तक्रार कशी करावी?’ या विचाराने गप्प राहते. कुटुंब बदलून मागणे हा उद्धटपणा नाही, हे जाण्यापूर्वी शिक्षकांनी व आईवडिलांनी त्याला तोंडाने सांगितले पाहिजे. नियम छापील पुस्तकात असून भागत नाही.

या वर्षाचा लाभ कोणास किती होईल हे आधी सांगता येत नाही. फ्रान्सच्या क्रिस्तीन लगार्द या १९७३-७४ साली याच युद्धोत्तर विनिमयातून मेरीलँड राज्यातील मुलींच्या शाळेत राहिल्या होत्या. २०११ साली त्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या. अशी नावे संस्थांच्या माहितीपत्रकांत आवर्जून असतात. याउलट २०१९-२० च्या तुकडीतील मुलांना कोरोनाच्या साथीमुळे मार्चमध्येच अर्ध्यावर घरी परतावे लागले.

शेवटी प्रमाणपत्राची बाब. विनिमय विद्यार्थ्याला अमेरिकन हायस्कूलची पदविका मिळेलच असे नाही. काही शाळा देतात, काही केवळ उपस्थितीचे प्रमाणपत्र व गुणपत्रक देतात. तेथील वर्ष आपल्या अकरावीच्या जागी धरले जाईल, असे पालकांनी गृहीत धरू नये. विज्ञान शाखेच्या मुलाला तर प्रवेश परीक्षांचीही काळजी असते. जाण्यापूर्वीच कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांशी बोलून, परतल्यावर कोणत्या वर्गात व कोणत्या कागदपत्रांवर प्रवेश मिळेल हे लेखी ठरवून घ्यावे, आणि अमेरिकेतून निघताना मोहोरबंद गुणपत्रकाच्या दोन प्रती मागून घ्याव्यात. बहुतेक मुले जूनमध्ये परततात, तेव्हा त्यांचे जुने सोबती बारावीत गेलेले असतात, आणि ती अकरावीच्या वर्गात, एक वर्ष धाकट्या मुलांच्या बाकावर बसतात.